माश्यांना आंघोळ घालणारी बाई

पुण्यात बसून नकाशा पाहिला की मराठवाडा फार सोपा दिसतो. आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तो लावलेला आहे आणि सरांनी त्यात दोन टाचण्या खुपसल्या होत्या. लाल टाचणी औशाला, हिरवी इस्लापूरला.

"हे कोरडं टोक आणि हे दमट," सर म्हणाले. "इस्लापूरशेजारी सहस्रकुंडचा धबधबा आहे. हवेत सतत तुषार असणार. याहून चांगली जोडी मिळायची नाही."

सर मोठे रसायनशास्त्रज्ञ आहेत. नांदेडच्या पलीकडे ते कधी गेलेले नाहीत. अलीकडेही नाहीत.

आमचं काम पेरूवरच्या फळमाशीचं. दिसायला ही माशी देखणी असते. तांबूस-पिवळं अंग, बारीक कंबर, पारदर्शक पंख. मादी पिकत्या पेरूच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतून फळ पोखरतात, आणि आपण वरून छान दिसणारा पेरू विश्वासाने चावतो. शेतकऱ्याला चिंता त्या अळीची. आम्हाला चिंता माशीच्या कातडीची. तिच्या अंगावर मेणाचा एक थर असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका पातळ. तो आहे म्हणून माशी उन्हात वाळून मरत नाही. अंगातलं पाणी अंगातच राहतं. सरांचा अंदाज असा, की कोरड्या मुलखातल्या माशीचं मेण लांब साखळीचं आणि घट्ट असेल, दमट मुलखातलीचं आखूड साखळीचं आणि विरळ. हे तपासायचं तर दोन्हीकडच्या माश्या धरायच्या, हेक्झेन नावाच्या द्रावकात पाच मिनिटं बुचकळायच्या, मग माशी फेकून द्यायची आणि धुवण जपून ठेवायचं. द्रावक उडून जातो, नळीच्या तळाशी मेण उरतं. तेही दिसत नाही. थोडक्यात, न दिसणारी वस्तू काचेच्या नळ्यांत भरून मराठवाड्यातून पुण्याला आणायची, एवढंच काम होतं. ते माझ्यावर आलं, कारण प्रयोगशाळेतल्या बाकी दोघांची लग्नं ठरली होती.

सलग दुसऱ्या वर्षी तिकडे पावसाने दगा दिला होता. वर्तमानपत्रात आम्ही ते वाचलं होतं. त्याचा आमच्या टाचण्यांशी काही संबंध असेल, असं मात्र कोणाच्याच मनात आलं नाही.

नांदेड

संक्रांत होऊन आठवडा झाला होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी मालकांना विचारलं, खायला काय आहे.

"सुशीला हाय, बाई. गरमागरम."

मी आत डोकावून पाहिलं. मला वाटलं, मालकीणबाईंबद्दल बोलताहेत. मालक पोट धरून हसले आणि बशी पुढे ठेवली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं कूट. आपल्याकडच्या पोह्यांची थोरली बहीण म्हणावी अशी चव. पुण्यात चुरमुरे भिजले की आपण ते टाकून देतो. इथे त्यांना नाव देतात.

बशीबरोबर पाण्याचा ग्लास आला, अर्धा भरलेला. मी सवयीने त्यातलं थोडं पाणी ग्लासात फिरवलं आणि पायापाशी ओतून दिलं. घरी आम्ही सगळेच असं करतो. मान वर केली तर हॉटेलातली सगळी माणसं माझ्याकडे नाही, त्या ओल्या फरशीकडे पाहत होती. मालकांनी येऊन ग्लास पुन्हा अर्धा भरला आणि विचारलं, "पुण्याहून आलात का?"

मी काहीच सांगितलं नव्हतं.

हदगाव

हेक्झेनची बाटली काचेची होती. भुशात रोवून, बांबूच्या टोपलीत बसवून, मी ती मांडीवर घेऊन बसले होते. तिला पेट्रोलसारखा वास येतो. कितीही घट्ट बूच लावलं तरी तो जरासा येतोच. हदगावच्या अलीकडे कंडक्टर नाक फेंदारत आले.

"काय हाय टोपलीत? रॉकेल?"

"रॉकेल नाही. हेक्झेन."

"म्हंजे?"

"रॉकेलपेक्षा लवकर पेटतं," मी म्हणाले. खरं बोलण्याची सवय वाईट. तेही अर्धवट विचारात बोलायची तर फारच.

हदगावच्या स्टँडवर मला आणि टोपलीला सन्मानाने खाली उतरवण्यात आलं. कंडक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. चाळीस माणसांची जबाबदारी त्यांच्यावर होती. एका दुकानाच्या पायरीवर मी तासभर बसले. अखेर इस्लापूरकडे जाणारी एक मॅटाडोर मिळाली. ड्रायव्हर मोठे दिलदार होते. "पेट्रोल असो का गंगाजल, आपल्याला काय फिकीर," असं म्हणून त्यांनी मला मागे जागा करून दिली. बसल्यावर कळलं, मागे सगळा कापूस भरलेला होता. निघताना ड्रायव्हरांनी विडी पेटवली.

त्या प्रवासात मी देवाची जितकी नावं घेतली, तितकी आजवरच्या सगळ्या परीक्षांत मिळून घेतली नसतील. दर दहा मिनिटांनी मी पुढच्या खिडकीत ओरडायची, "विडी विझवा हो!" आणि ते मागे न बघता म्हणायचे, "विझवूनच राहिलो, ताई." इस्लापूर येईपर्यंत ते विझवूनच राहिले होते.

इस्लापूर

इथे माझी सोय शाळेच्या गुरुजींकडे होती. पन्नाशीचे, सडपातळ, धोतर टोपी स्वच्छ. शाळेच्या आवारात त्यांनी लावलेले सहा पेरू होते आणि त्या पेरूंवर माश्याही होत्या. बाईमाणूस माश्या धरायला पुण्याहून आली, हे त्यांना फार मानाचं वाटत होतं. पण आधी धबधबा, असा त्यांचा हट्ट. पाहुण्याला धबधबा दाखवल्याशिवाय चहासुद्धा द्यायचा नाही, अशी गावची रीत असावी.

आम्ही चालत गेलो. वाटेभर गुरुजी बोलत होते. पावसाळ्यात कसा आवाज घुमतो, दोन कोसांवर ऐकू येतो, पलीकडची माणसं दिसत नाहीत इतके तुषार. जसजसे जवळ गेलो तसतसे ते गप्प होत गेले. शेवटच्या चढावर तर पूर्ण थांबले. मी एकटी पुढे गेले.

पैनगंगेचं पात्र समोर होतं. काळे कातळ, पायऱ्या-पायऱ्यांचे, उन्हात तापलेले. त्यांच्यावरून एक बाई शेळ्या घेऊन आरामात पलीकडे चालली होती. जिथे पाणी कोसळायचं, तिथे खाली एक हिरवट डबकं आणि त्यात दोन म्हशी. सहस्रकुंडात कुंडं खूप होती. पाणी तेवढं नव्हतं.

गुरुजी मागून आले. घरी पाहुणा यावा आणि साखर संपलेली असावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मागच्या आठवड्यात थोडं होतं," ते म्हणाले.

शाळेत परतल्यावर मी सापळे बांधले. सापळा म्हणजे भोकं पाडलेला डबा आणि आत बारीक जाळीत गुंडाळलेला कापसाचा बोळा. त्यावर तुळशीच्या अर्काचे थेंब. या अर्कातल्या वासावर नर माश्या वेड्यासारख्या धावतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पंचवीस माश्या मिळाल्या. व्हरांड्यात बसून मी एकेक चिमट्याने द्रावकात सोडायला लागले. सारी शाळा भोवती जमली. गुरुजींनी मुलांना समजावलं, "बाई माश्यांच्या अंगावरचं मेण धुवून काढायल्यात."

"आंघोळ घालायल्यात म्हना की!" मागून कोणीतरी म्हटलं. संध्याकाळपर्यंत ते नाव गावभर झालं. ज्या गावात माणसांची आंघोळ चौथ्या दिवसावर गेली होती, तिथे मी माश्यांना आंघोळ घालणारी बाई ठरले.

नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवताना पंचाईत झाली. वहीत सरांनी रकाना आखून दिला होता: 'हवा – दमट.' मी तो खोडला आणि लिहिलं, 'धबधबा कोरडा.' गुरुजी खांद्यावरून वाचत होते.

"कोरडा नका लिहू, बाई," ते हळूच म्हणाले. "हे कागद पुण्याला जाणार. गावाची इज्जत हाय. आटलेला लिहा."

"फरक काय पडतो, गुरुजी?"

"कोरडा म्हंजे कायमचा. आटलेला म्हंजे परत येणार."

मी 'आटलेला' लिहिलं. माझ्या वहीतला तोच एक शब्द दुसऱ्या कोणी तपासून दिलेला आहे.

इथेच सांगून टाकते, म्हणजे शास्त्राची बाजू संपेल. पुढे पुण्याला यंत्रावर या नळ्या तपासल्या. यंत्र कागदावर डोंगरासारखी शिखरं काढतं, एकेका शिखराला एकेक मेण. इस्लापूरचे डोंगर आणि औशाचे डोंगर एकावर एक ठेवले तर रेषासुद्धा हलत नव्हती. माश्यांनी नकाशा पाहिलेला नव्हता. त्यांनी हवा पाहिली होती.

लातूर

लातूर जिल्हा नवा आहे, आणि ते विसरायची सोय नाही. रिक्षावाले सांगतात, पानवाले सांगतात. दुकानांच्या पाट्यांवर 'ता. लातूर, जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवलेलं, काही ठिकाणी खालचं उस्मानाबाद अजून डोकावतं. पाण्याचा टँकर आला तर त्याच्यावरही जिल्ह्याचं नाव ताज्या रंगात. टँकर गळत होता आणि त्याच्या मागे एक बाई पातेलं धरून पळत होती.

औशाच्या विश्रामगृहात राहण्यासाठी माझ्याकडे पुण्याचं पत्र होतं. एका कचेरीत ते घेऊन गेले. टेबलं आलेली होती, खुर्च्या यायच्या होत्या. त्यामुळे कारकून टेबलावर बसून काम करत होते. तिशीचे, हसतमुख, कपाळावर भस्माच्या तीन रेघा. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे उस्मानाबादच्या नावानं हाय, म्याडम."

"पण औसा तर आता लातुरात आहे ना?"

"हाव. आमच्यातच हाय."

"मग तुम्हीच परवानगी द्या."

"देलो असतो. पण पत्र आमाला न्हाई ना."

"मग मी उस्मानाबादला जाऊ?"

"जावा की. पण ते म्हनतील, औसा आमच्यात न्हाई."

आम्ही दोघेही थोडा वेळ त्या पत्राकडे पाहत बसलो. मला हसू येत होतं आणि रडूही. कारकुनांनाच माझी दया आली. पत्राची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली.

"म्याडम, तुमाला पायजे काय? खोली का पेरू?"

"पेरू. आणि त्याच्यावरच्या माश्या."

"मग विश्रामगृह कशाला? तिथं नुसते ढेकूण हायत. आमचे मामा हायत औशाला. गुरलिंगअप्पा. पेरूची बाग हाय त्यांची. सांगा, भाच्यानं धाडलं म्हनून."

नव्या जिल्ह्यात माझं पहिलं काम असं जुन्या पद्धतीने झालं.

औसा

अप्पांचं घर गावाबाहेर, शेतातच. ओसरीवरून लांब किल्ल्याची तटबंदी दिसते. अप्पा साठीचे, आडवे, आवाज खर्जातला. गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग. त्यांच्या पत्नीला सगळे नीलाअक्का म्हणतात, अप्पाही. भाच्याचं नाव ऐकल्यावर मला कोणी काहीच विचारलं नाही. समोर ताट आलं. ज्वारीची भाकरी, भाजलेल्या धान्य-डाळींच्या येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी, जिच्यावर तेल स्वतःहून वर आलेलं. ती चटणी खाताना मला पहिल्यांदाच वाटलं, की लांब साखळीची रसायनं अभ्यासापेक्षा जिभेवर जास्त शोभतात.

जेवण झाल्यावर मी नळ्या धुवायला पाणी मागितलं. अक्कांनी एक तांब्या आणून ठेवला. "येवड्यात भागतंय का बगा, बाई."

मी नळ्या काढल्या आणि सहज मागच्या दाराकडे पाहिलं. अक्का आमची ताटं राखेने घासत होत्या. घासून फडक्याने पुसत होत्या. पाणी नव्हतंच जवळ. त्यांचा तांब्या माझ्यापुढे होता. मी तो तसाच उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला आणि नळ्या हेक्झेननेच विसळल्या. त्यात माझं अर्धं द्रावक गेलं. म्हणजे आता तीस नाही, जेमतेम पंधरा नळ्या भरता येणार होत्या.

सकाळी अप्पांची पूजा पाहिली. स्वतःचं अंग त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. मग लिंग तळहातावर घेऊन त्याच्यावर पळीभर पाणी हळूहळू सोडलं, एक थेंबही खाली न सांडता.

"आमची आंघोळ बंद हाय," ते मला म्हणाले, "ह्यांची न्हाई."

मग बाग दाखवायला नेलं. एकेचाळीस झाडं, दोन्ही बाजूंना करपलेली तुरीची शेतं, आणि मधे हा हिरवा तुकडा. विहिरीत तळाशी पाणी होतं. मोटर अर्धा तास चाले, मग घरघरू लागे. तेवढं पाणी एक दिवसाआड झाडांना. शेजारच्या वाडीची विहीर मार्गशीर्षातच आटली होती. तिथल्या बायका दीड कोस लांबून पाणी आणत होत्या आणि आठवड्यापूर्वी अप्पांकडे येऊन विचारून गेल्या होत्या.

"मी म्हनलो, बगू," अप्पा म्हणाले. "एकेक झाड हातानं लावलंय, बाई. लेकरासारकं. पन फळात किडा पडायलाय. आता तुम्ही जानकार आलात. तुम्ही सांगा. फळ वाचनार असंल तर पानी झाडाला. वाचनार नसंल तर पानी वाडीला."

"अप्पा, मला शेतीतलं कळत नाही. मी फक्त माशीच्या अंगावरचं मेण बघते."

"मेन बगनाऱ्याला माशी मालूम असंल की."

ओसरीवर बसून आम्ही झाडावरचे वीस पेरू कापले. सतरांत अळ्या निघाल्या. पांढऱ्या, टुणकन उड्या मारणाऱ्या.

मला त्याच क्षणी कळलं होतं. हा बहार गेला. फळं झाडावर राहतील तोवर अळ्या मातीत पडणार, मातीत कोश होणार, नव्या माश्या निघून उरलेल्या फळांवर बसणार. अप्पा जे पाणी देत होते त्यावर पेरू नाही, माशी पोसली जात होती. फळं उतरवून खोल पुरायची, झाडं छाटायची आणि पाणी बंद करायचं, एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.

पण सकाळी बागेत बांधलेल्या माझ्या सापळ्यांत तोवर चारच माश्या आल्या होत्या. फळं पुरली की माश्या संपल्या. लाल टाचणी रिकामी घेऊन सरांपुढे कसं उभं राहायचं?

"दोन दिवस द्या, अप्पा," मी म्हणाले. "नीट बघून सांगते."

"बगा की. खामखा घाई न्हाई."

दोन दिवस मी नीट बघत होते. म्हणजे माश्या धरत होते. मोटर एकदा चालली, पाणी झाडांच्या आळ्यांत गेलं. अप्पांनी मला विचारलं, जमिनीला असला मेणाचा लेप देता येत नाही का, म्हणजे ओल टिकंल. मी हसून उत्तर दिलं आणि नळ्या मोजल्या. सात झाल्या होत्या.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर माशी बुचकळत होते. वाडीची एक बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन दारात आली. वय माझ्याएवढंच असेल. टाचा फुटलेल्या.

"अक्का, काय ठरलं मालकाचं?"

नीलाअक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "बाई बगायल्यात अजून."

बाईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला चिमटा, चिमट्यातली माशी, खाली काचेची नळी.

"माश्यांना आंघोळ घालनाऱ्या त्या ह्याच का?"

इस्लापूर ते औसा, केवढं अंतर! ते नाव माझ्याआधी पोचलं होतं, का इथे ते नव्याने सुचलं, मला माहीत नाही. चौकशी करायची हिंमत झाली नाही. ती रागावली नव्हती. ती नुसती उभी राहून बघत होती, आणि मी तिच्यासमोर माशी पाच मिनिटं भिजवत होते. मधेच सोडली तर नमुना वाया जातो. ती पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

ती वळून गेली. मी उठले आणि अप्पा गोठ्यात होते तिथे गेले.

"अप्पा, तुमचा हा बहार गेला. मला हे परवाच कळलं होतं. माझ्या माश्या व्हायच्या होत्या म्हणून मी बोलले नाही."

अप्पांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला नाही.

"परवाच कळलं व्हतं?"

"हो."

"मग काल मोटर चालवली ती..."

"फुकट गेली."

मला वाटलं, आता टोपली उचलून निघा म्हणतील. त्यांनी गोठ्याच्या दारातून वाडीच्या वाटेकडे पाहिलं. ती घागर अजून दिसत होती, लहान होत चाललेली.

"अक्का!" त्यांनी हाक मारली. "त्या पोरीला परत बोलाव."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून विहिरीवर वाडीच्या बायकांची रांग लागली. अप्पा आणि दोन गडी बागेत शिरले. मीही गेले. दुसरं काय तोंड होतं मला? फळं उतरवली, हातभर खोल खड्ड्यांत पुरली, वर माती दाबली. झाडं छाटताना अप्पा प्रत्येक झाडाला आधी हात लावत होते. "पेरू मरत न्हाई," अक्का मला सांगत होत्या, मला का स्वतःला कोण जाणे, "रुसतंय नुसतं. पानी दिसलं की बोलतंय."

तिसऱ्या दिवशी माझी बस होती. निघण्यापूर्वी बागेत चक्कर मारली. सगळीकडे बोडकी खोडं. फक्त विहिरीजवळचं एक झाड तसंच उभं होतं. पानांसकट, फळांसकट.

"अप्पा, हे राहिलं."

"राहिलं न्हाई. ठेवलंय."

"कशाला?"

अप्पा चक्क लाजले. अक्कांकडे बघत म्हणाले, "हिनं तुमच्या नळ्या पाहिल्या. निम्म्या रिकाम्याच हायत म्हनली. पुढच्या खेपेला आलात तर माश्या कुठून धरताल? एका झाडाला काय लागतंय? चूळ भरल्यालं पानी टाकत जाईल ती."

मी ज्यांना दोन दिवस फसवलं, त्या माणसांनी माझ्या अभ्यासासाठी एक झाड राखून ठेवलं होतं. आणि त्यातली गंमत अशी, की ते अगदी चुकीचं होतं. एक झाड फळांसकट ठेवलं, तर बाकी चाळीस फुटेपर्यंत माशी तिथे सुखाने राहणार. त्यांनी आपल्या बागेत रोगाचं बी जपलं होतं, माझा पाहुणचार म्हणून.

"तेही छाटा, अप्पा."

"आन तुमचं शिक्षन?"

"होईल."

"कसं?"

ते मलाही माहीत नव्हतं. अप्पा करवत आणायला गेले. मी फांद्या धरल्या, त्यांनी कापल्या. अक्कांनी फळं टोपलीत गोळा केली. विहिरीवरच्या बायका घागरी ठेवून जवळ आल्या. त्यांत ती फुटलेल्या टाचांचीही होती. कापलेल्या फांद्यांचा आणि पिकल्या पेरूंचा वास सगळीकडे पसरला होता.

"सगळेच किडके असतील का?" तिने विचारलं. "एखांदा चांगला निघंल."

"फोडून बगावं लागंल," अक्का म्हणाल्या आणि विळी घेऊन आल्या.

आम्ही सगळ्याजणी खाली मातीत बसलो. बावीस पेरू फोडले. प्रत्येक फोडीवर सगळ्यांच्या माना वाकायच्या, मग "ह्यात बी हाय" असं कोणीतरी म्हणायचं आणि तो खड्ड्यात जायचा. दोन चांगले निघाले. अक्कांनी त्या दोनांच्या बारा फोडी केल्या, वर मीठ-तिखट लावलं आणि सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवली. माझ्याही.

मी ती सवयीने उलटसुलट करून निरखली. त्यावर बायका इतक्या हसल्या, की मी घाईघाईने ती तोंडात टाकली. फोड गोड होती.